तुर्भे ते कामाची जागा : औद्योगिक किरणोत्सर्गी उद्गमांच्या वाहतुकीचा इतिहास आणि मराठवाडा

मराठवाड्याचा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्याच्या तीनच महिने आधी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, मुंबईनजीक तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या काळी कोणास वाटले असण्याचा संभव नाही. परंतु पुढील अर्धशतकात मराठवाड्यात जी धरणे, वीजकेंद्रे, कारखाने आणि वाहिन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या पोलादी सांध्यांची परीक्षा ज्या किरणांनी होते त्या किरणांचा उद्गम तुर्भ्याच्या भट्ट्यांत आहे. आणि हा उद्गम तुर्भ्याहून कामाच्या जागी न्यावयाचा म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा रस्ता, घाट, बाजारपेठा व वस्त्या ओलांडणे आले. या प्रवासाचा इतिहास आजवर अभियंत्यांच्या नियमपुस्तकांत विखुरलेला राहिला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आणि ज्या वस्तूचा हा इतिहास आहे ती बोटाच्या पेराहूनही लहान आहे, हे त्या दुर्लक्षाचे एक कारण असावे.

प्रथम त्या वस्तूचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. पोलादाच्या दोन नळ्या वितळजोडाने सांधल्या असता सांध्याच्या पोटात पोकळी वा भेग राहिली आहे काय, हे डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या एका अंगास किरणोत्सर्गी उद्गम व दुसऱ्या अंगास छायाचित्रणाची फिल्म ठेवली म्हणजे गॅमा किरण धातू भेदून जातात व दोषाची छाया फिल्मवर उमटते. बाष्पित्रांविषयीच्या १९५० च्या भारतीय विनियमांनी उच्च दाबाच्या सांध्यांसाठी अशी तपासणी विहित केली आहे. परळी येथील औष्णिक वीजकेंद्रासारख्या कामावर, म्हणजे जेथे बाष्पित्राच्या नळ्यांचे असंख्य सांधे जागेवरच जोडावे लागतात तेथे, ती टाळता येत नाही. क्ष-किरण यंत्रानेही हे काम होते. पण त्यास वीज लागते, ते अवजड असते आणि मचाणावर चढविणे कठीण जाते. इरिडियम-१९२ च्या काही मिलिमीटर आकाराच्या चकत्या पोलादी कुपीत बंद करून त्या लवचीक तारेच्या टोकास बसविल्या की हेच काम विजेवाचून होते. कामावरील मंडळी या कुपीस ‘सोर्स’ आणि तिच्या संरक्षक पेटीस ‘कॅमेरा’ म्हणतात; छायाचित्रे घेणारी पेटी म्हणून ते नाव अगदीच अयोग्य नाही.

इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे आहे. वाहतुकीच्या दृष्टीने या एका आकड्यास जेवढे महत्त्व आहे तेवढे दुसऱ्या कशासही नाही. ४० क्युरी शक्तीचा उद्गम पाच महिन्यांत १० क्युरींवर येतो. जे छायाचित्र पूर्वी पाच मिनिटांत निघे त्यास वीस मिनिटे लागू लागतात. कंत्राटदारास वेळ परवडत नाही. म्हणजे कॅमेरा एकदा कामावर नेला आणि काम संपेपर्यंत तेथेच राहिला, असे होत नाही. त्यास नव्या उद्गमासाठी वर्षातून एकदोन वेळा तरी परतावे लागते व भरून पुन्हा निघावे लागते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे असल्याने त्याच्या फेऱ्या कमी. परंतु त्याचे किरण अधिक भेदक असल्याने पेटी फार जड होते. लासलगावच्या कांदा-विकिरण केंद्राकडे कोबाल्ट नेण्यासाठी टनांच्या भाषेत मोजावी लागणारी पात्रे लागतात, तर इरिडियमचा कॅमेरा एखादा धट्टाकट्टा माणूस हाती धरून चालू शकतो. ही सोय पुढे वर्णिलेल्या बहुतेक संकटांचे मूळ ठरली.

किरणोत्सर्गी पदार्थांच्या वाहतुकीचे नियम प्रथम कोणाच्या रक्षणासाठी झाले, या प्रश्नाचे उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेडियम ही दुर्मीळ व अतिशय मौल्यवान वस्तू होती. १९४१ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या मागेही, पत्नीच्या निधनानंतर रेडियमोपचाराची सोय भारतात आणण्याची सर दोराबजी टाटा यांची इच्छाच होती. अमेरिकेत असे रेडियम टपालाने व रेल्वेने जात असे, आणि त्याच डब्यात कोरी छायाचित्रण-फिल्मही जात असे. फिल्म धुतल्यावर ती काळवंडलेली निघू लागली तेव्हा फिल्म-उत्पादकांनी तक्रार केली, व त्या तक्रारीतून प्रथम टपालाचे आणि नंतर रेल्वेचे निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉबली इव्हान्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली जे नियम तयार झाले, त्यांतील मूळ परिमाण सुमारे पंधरा फुटांवर चोवीस तास राहिलेली फिल्म बिघडू नये या हिशेबाने बेतलेले होते. आज पेटीवर जो ‘वाहतूक निर्देशांक’ लिहिला जातो, त्याच्या वंशावळीत ही फिल्म आहे. माणसाचे रक्षण त्याच नियमाने आपोआप झाले, कारण फिल्म माणसाहून अधिक नाजूक ठरली. मालाने मालास इजा करू नये या व्यापारी विवेकातून आरोग्याचा कायदा जन्मास यावा, यात इतिहासाच्या अभ्यासकास आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुष्कळ कायदे असेच जन्मले आहेत.

या विषयास आंतरराष्ट्रीय स्वरूप आले ते १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण स्थापन झाल्यानंतर. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५९ मध्ये हे काम अभिकरणाकडे सोपविले आणि १९६१ मध्ये त्याची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. तीत एक विचार मूलभूत होता व नंतरच्या सर्व आवृत्त्यांत तो टिकून राहिला आहे. तो असा की, सुरक्षिततेचा भार वाहकाच्या दक्षतेवर न टाकता पेटीच्या रचनेवर टाकावा. चालक दमेल, हमाल पेटी आपटील, गुदामाचा कारकून कागद वाचणार नाही, हे गृहीत धरूनच पेटी बनवावी.

म्हणून पेटीची कसोटी ठरली. सामान्य हाताळणीतील आपटीसाठी हलकी पेटी १.२ मीटर उंचीवरून पाडून पाहतात. मालमोटारीच्या फळीची उंची साधारणतः एवढीच असते. ज्या पेटीत अधिक शक्तीचा उद्गम न्यावयाचा ती ‘ब’ प्रकारची असावी लागते, व तिची परीक्षा अपघाताच्या कल्पनेवर आधारलेली आहे : अचल पृष्ठावर ९ मीटरांवरून पात, १५ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी खुंटावर १ मीटरवरून पात, आणि त्यानंतर ८०० अंश सेल्सियस तापमानात अर्धा तास, शिवाय पाण्यात बुडविण्याची निराळी परीक्षा. इरिडियमच्या बंदिस्त उद्गमासाठी या दोन प्रकारांमधील सीमारेषा १ टेराबेकरेल म्हणजे सुमारे २७ क्युरी एवढी आहे. रेडियोग्राफीचे नवे उद्गम बहुधा या रेषेपलीकडचे असल्याने त्यांच्या कॅमेऱ्यास ‘ब’ प्रकारची कसोटी लागू होते.

या अग्निपरीक्षेने पेटीच्या धातूचाही प्रश्न उभा केला. शिसे ३२७ अंशांवर वितळते. उघड्या शिशाचे पात्र ८०० अंशांत टिकणे शक्य नाही, त्यास पोलादाचे व उष्णतारोधकाचे कवच हवे, आणि मग वजन वाढते. क्षीण युरेनियम शिशाहून दीडपटीहून अधिक घन असते व ते ११०० अंशांपलीकडे वितळते. त्यामुळे लहान पेटीत तेवढेच रक्षण साधते. परंतु युरेनियम व लोखंड एकमेकांस चिकटून तापले तर ७२५ अंशांच्या सुमारासच त्यांचे द्रव मिश्रण होऊ लागते, म्हणून दोहोंमध्ये तांब्यासारख्या धातूचा थर घालण्याची युक्ती काढावी लागली. ज्या धातूच्या किरणांमुळे या शास्त्राचा आरंभ झाला, तोच धातू आता दुसऱ्याचे किरण अडविण्याच्या कामी लागला आहे.

भारतात १९४८ च्या अणुऊर्जा अधिनियमाची जागा १९६२ च्या अधिनियमाने घेतली. त्यातील १६ व्या कलमाने किरणोत्सर्गी पदार्थ बाळगणे, वापरणे व हलविणे यांवर केंद्र शासनास नियंत्रण दिले, आणि १७ व्या कलमाने अशा पदार्थांच्या वाहतुकीत गुंतलेल्या माणसांच्या आरोग्यासाठी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार १९७१ मध्ये प्रारण संरक्षण नियम झाले. १९६० साली ‘सायरस’ ही ४० मेगावॅटची अणुभट्टी चालू झाल्याने समस्थानिकांचे उत्पादन वाढले होते, म्हणजे कायद्यास नियमांचे रूप येईपर्यंतच्या काळात माल पुढे गेला होता व नियम मागून येत होते. तथापि त्या काळातील व्यवहार निर्बंधरहित होता असे समजणे चुकीचे होईल. उत्पादन, वितरण व आरोग्यरक्षण ही तीनही कामे तुर्भ्याच्या एकाच संस्थेच्या छत्राखाली होती, आणि उद्गम मागणारास तो देण्यापूर्वी त्याची पात्रता पाहणारेही तेथलेच होते. ही एकछत्री व्यवस्था १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाल्यावर बदलली. वाहतुकीची भारतीय संहिता १९८६ मध्ये निघाली, व १९८९ मध्ये उत्पादन-वितरणाचे काम प्रारण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडे आले. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनी धोकादायक माल वाहणाऱ्या चालकास प्रशिक्षण, वाहनावर सूचनाफलक आणि चालकाजवळ आपत्कालीन माहितीचे पत्रक या गोष्टी आवश्यक केल्या. १९७१ च्या नियमांची जागा २००४ मध्ये नव्या नियमांनी घेतली.

नियामक परिषदेने अनुज्ञप्तीची जी संगणकीय व्यवस्था अलीकडे चालू केली, तिचे संक्षिप्त नाव ‘ई-लोरा’ असे आहे. ज्या शहरापासून वेरूळची लेणी तासाभराच्याही अंतरावर नाहीत, तेथील अभ्यासकास ते नाव वाचताना क्षणभर भ्रम होतो.

आता रस्त्याकडे वळू. मराठवाड्यात येणाऱ्या जोखमीच्या मालापुढे दीर्घकाळ एक विशिष्ट अडचण होती. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या काळात झालेला मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग मीटरमापी होता, आणि मुंबईकडील मार्ग रुंदमापी. त्यामुळे मनमाडास प्रत्येक डबा रिकामा करून माल दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. १९९० च्या दशकात मार्ग रुंद होईपर्यंत ही अदलाबदल चालू होती. ज्या मालाच्या सुरक्षिततेचे सूत्र ‘हाताळणी जितकी कमी तितकी बरी’ असे आहे, त्यास हा मार्ग प्रतिकूलच होता. सडकेने एकाच वाहनातून जागेपर्यंत जाणे हा त्यावरील स्वाभाविक उपाय होय. सार्वजनिक प्रवासी वाहनांतून कॅमेरा नेऊ नये, हा दंडक त्यास पूरक आहे. पेटीच्या पृष्ठभागावर ताशी २ मिलिसीव्हर्टपर्यंत व चालकाच्या आसनापाशी ताशी ०.०२ मिलिसीव्हर्टपर्यंत प्रारण असू शकते. ही दुसरी मर्यादा पाळावयाची तर पेटी वाहनाच्या मागील टोकास, चालकापासून शक्य तेवढ्या दूर बांधावी लागते. बसमध्ये अशी मोकळी जागा नसते, आणि आसनाखाली सरकविलेल्या पेटीवर कोण किती तास बसले याचा हिशेब कोणीच ठेवू शकत नाही.

जुन्या व्यापारी मराठीत ‘जोखीम’ हा शब्द धोका आणि मोलाचा ऐवज या दोन्ही अर्थांनी येतो. विम्यासह पाठविलेल्या मालाची ‘जोखमी हुंडी’ प्रसिद्धच आहे. त्या व्यवहारात भय असे ते धन्यास. माल गेला तर तो बुडे व चोर तरे. किरणोत्सर्गी उद्गमाच्या बाबतीत हा क्रम उलटतो. मालकाचे नुकसान एका कुपीच्या किमतीएवढे; खरे नुकसान ज्याच्या हाती ती नकळत पडेल त्याचे.

याची साक्ष परदेशांतील दोन घटना देतात. १९८४ मध्ये मोरोक्कोतील मोहम्मदिया येथे वीजकेंद्राच्या बांधकामावर इरिडियमची कुपी तारेपासून सुटून जमिनीवर पडली. एका मजुराने ती चकचकीत वस्तू उचलून घरी नेली. त्याच्यासह आठ माणसे मृत्यू पावली. किरणोत्सर्गाचे चिन्ह पेटीवर होते, कुपीवर नव्हते. पेरूमधील यानांगो येथे २० फेब्रुवारी १९९९ रोजी, डोंगराळ भागातील जलविद्युत् केंद्राच्या कामावर, एका वितळजोड कामगाराने अशीच ३७ क्युरीची कुपी पाटलोणीच्या मागील खिशात ठेवली. ती काही तास तेथे होती. त्याचा पाय पुढे कापावा लागला. या दोन्ही घटनांत वाहतुकीची पेटी शाबूत होती. नऊ मीटरांचा पात व आठशे अंशांचा अग्नी यांच्याशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. भारतात १९६८ मध्ये दिल्ली विद्यापीठासाठी आणलेले कोबाल्टचे उपकरण २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात गेले आणि मायापुरीच्या बाजारात फोडले गेले. त्यात एकाचा मृत्यू झाला. तेथेही पेटी अपघाताने फुटली नाही, हत्याराने फोडली गेली. आत काय आहे हे सांगणारी नोंद मात्र त्याआधीच तुटली होती.

जानेवारी २०२३ मधील पश्चिम ऑस्ट्रेलियातील प्रसंग याहून वेगळा आहे व तो वाहतुकीच्या अभ्यासकास विशेष बोधक वाटेल. लोहखनिजाच्या दूरस्थ खाणीतून पर्थ शहराकडे जाणाऱ्या एका मापकातील सीझियम-१३७ ची ६ मिलिमीटर व्यासाची कुपी वाटेत गळून पडली. सुमारे १४०० किलोमीटरांच्या प्रवासातील हादऱ्यांनी एक खिळा निसटला होता व त्याच्या भोकातून कुपी बाहेर आली, असा तर्क झाला. माल १६ जानेवारीस पोहोचला. पेटी उघडली गेली २५ तारखेस. आणि कुपी १ फेब्रुवारीस रस्त्यापासून दोन मीटरांवर सापडली. आंतरराष्ट्रीय नियमावलीत नित्य प्रवासातील कंपनांनी पेटीचे मळसूत्र सैल होऊ नये अशी अट मांडलेली असली, तरी तिच्यासाठी पात व अग्नीसारखी ठरीव जाहीर परीक्षा नाही. अपघाताचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून बनविलेली नियमावली खडबडीत रस्त्याच्या नित्य त्रासाकडे तितक्याच बारकाईने पाहत नाही, असा आक्षेप येथे घेता येतो. मराठवाड्यातील खेडोपाडी जाणाऱ्या रस्त्यांचा अनुभव असलेल्या कोणासही तो पटण्यास वेळ लागू नये.

कामाची जागा गाठल्यावर पेटीचे तत्त्व संपते आणि माणसाचे सुरू होते. कारखान्यात जाड भिंतींची बंद खोली असते. आडरानात दोरी असते. ३० क्युरीचा इरिडियम उद्गम उघडा असता एक मीटरवर ताशी सुमारे १४० मिलिसीव्हर्ट मात्रा पडते. किरणोत्सर्गाशी संबंध नसलेल्या नागरिकास वर्षभरात जेवढी अनुज्ञेय आहे तेवढी मात्रा, म्हणजे १ मिलिसीव्हर्ट, त्या अंतरावर अर्ध्या मिनिटाच्या आत मिळते. आडकाठीवाचून ही मात्रा ताशी १० मायक्रोसीव्हर्टवर आणावयाची तर सुमारे १२० मीटर दूर जावे लागते. म्हणून दोरी बांधणे, दिवा लावणे, इतर मजूर घरी गेल्यावर रात्री काम करणे, दर छायाचित्रानंतर मापकाने कुपी पेटीत परतल्याची खात्री करणे, आणि काम संपताच कॅमेरा कुलूपबंद खड्ड्यात ठेवून वहीत नोंद करणे, ही साखळी आहे. मोहम्मदिया व यानांगो येथे हीच साखळी तुटली. मुंबई–नागपूर–झारसुगडा वायूवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने या जिल्ह्यातून गेली. अशा कामावर जागा दररोज पुढे सरकते; आजचा खड्डा परवा मागे पडतो आणि दोरीबाहेरचे गावही बदलते. कालच्या गावास दिलेली सूचना आजच्या गावास ठाऊक नसते.

त्या सूचनेचे चिन्हही विचार करण्यासारखे आहे. १९४६ साली बर्कली येथील प्रयोगशाळेत रेखाटलेले तीन पात्यांचे चिन्ह शास्त्रज्ञास सर्व काही सांगते. ज्यास ते कोणी शिकविले नाही त्यास ते छताच्या पंख्यासारखे दिसते. ही उणीव मान्य करूनच २००७ मध्ये कवटी व पळणारा मनुष्य दाखविणारे दुसरे चिन्ह निघाले, आणि ते पेटीच्या बाहेर न लावता आतल्या भागी, उद्गमाजवळ, लावावे असे ठरले, म्हणजे पेटी उघडू पाहणारासच ते दिसावे. मोहम्मदियाच्या वेळी नेमकी याचीच वाण होती. तथापि बोटाएवढ्या कुपीवर तेही मावत नाही, आणि मराठी सूचनापट्टी तर मुळीच नाही. तिची जागा दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी आहे.

वर्ष उलटले की ३० क्युरीची कुपी सुमारे एका क्युरीवर येते. कामास ती निरुपयोगी होते, पण निर्धोक होत नाही. म्हणून ती परत तुर्भे-वाशीकडे जावी, फेकली जाऊ नये, असा नियम आहे व परतीच्या प्रवासासही जाण्याच्या प्रवासाइतकेच कागद लागतात. कुपी काढून घेतल्यावर मागे राहिलेला कॅमेरा रिकामा झाला असे कामावरील मनुष्य म्हणतो. नियमावली तसे म्हणत नाही. आतील कवच क्षीण युरेनियमचे असल्याने, एकही उद्गम नसताना, ती पेटी किरणोत्सर्गी वस्तूंच्या यादीत आपल्या स्वतंत्र क्रमांकाने राहते, आणि त्याच नावाने पुढच्या प्रवासास निघते.